एकास दोन

तांदळाच्या पिशवीवर मोकळ्या भाताचं देखणं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘एकास दोन पाणी’. दोन्ही मुली शिकायला बाहेरगावी गेल्या, तसे मी तांदूळ निम्मे केले आणि पाणीही निम्मं. भात टणटणीत राहिला! प्रमाण तर तेच होतं. मग बिघडलं कुठे?

आईला फोन केला. ती म्हणाली, “अगं, भात थोडा असला तरी वाफ व्हायची तेवढी होतेच. थोड्या भाताला पाणी जरा जास्तच लागतं.”

घरातली माणसं निम्मी झाली, म्हणून सगळंच निम्मं करून कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी भात मऊ झाला. हे एरवी जेवताना गप्प असतात. भात कालवता कालवता म्हणाले, “आज दिवसभर काय केलंस? सांग ना.”