ऊन उतरल्याशिवाय बंब नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलल्या. मार्गशीर्षातलं ऊन, दारातली पायरी, मधे सूप. बायको, म्हणजे गया, सोलत होती आणि मी खात होतो, असं तिचं म्हणणं. मीपण सोलत होतो, फक्त दाणे सुपात पडत नव्हते. "आवं, आमटीला चार दाणे ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. मग आमटी झाली, जेवणं झाली, "जरा पडते" म्हणून आत गेली... चहाला हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मला तर राग आला. आम्ही सगळी तयारी दम्याची केलेली.

दमा तिचा जुना. माझी थोरली बहीण आक्का परंड्याला दिलेली. ती आली की म्हणायची, "तुमचं बरं हाय बाई, डोंगरावर ऱ्हाता. हवा किती चांगली!" त्यावर गया म्हणायची, "आक्का, धाराशिव डोंगरावर हाय, आमची गल्ली वाटीच्या बुडाला हाय." ते खरंच होतं. तिन्ही बाजूंनी चढ आणि खाली ओढा. थंडीत पहाटे गार हवा वाटीच्या तळाला साचून बसते आणि घराघरातल्या बंबांचा धूर पत्र्याच्या खालीच रांगत राहतो. ऊन टेकाडावरून गल्लीत उतरलं की मग धूर उठून चालायला लागतो. मी चौथी शिकलेला, हे मला पुस्तकातनं कळलेलं नाही. गयाच्या छातीचा भाता ऐकून कळलं.

मग तिनं कायदा केला. ऊन गल्लीत उतरल्याशिवाय कुणी बंब पेटवायचा नाही. दारोदार जाऊन सांगून आली. शेजारचा महादू टेलर म्हणाला, "काकू, मग म्या दुकानात पारोसा जाऊ का?"

"जा की. माप दुसऱ्याचं घ्यायचंय, तुझं कोण घेतंय?"

एकदा त्यानं चोरून पेटवला. बंबात टायरचे तुकडे घातले, म्हणजे चोरीसुद्धा गावभर वास येईल अशी. गया पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि बंब विझवून आली. येताना दोनदा भिंतीला धरून उभी राहिली. महादूनं ते बघितलं. त्यानंतर तो गपचूप पारोसाच जायला लागला. मी आडतीत हमाली करायचो, दिवस उगवायच्या आत पोती उचलायला हजर. माझी अंघोळ घरी आल्यावर. सोबतचे हमाल विचारायचे, "गड्या, घरात पाण्याची टंचाई हाय का बायकोची दहशत?"

नरकचतुर्दशीला मात्र कायदा अडला. अंघोळ सूर्य उगवायच्या आत पाहिजे आणि बंब सूर्य आल्यावर. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "आता बोला, गयाबाई." गयानं तोड काढली. आदल्या दिवशी ऊन असतानाच पाणी तापवायचं, हंडे झाकायचे आणि वरून गोधड्या गुंडाळायच्या. सगळ्यांनी तसं केलं. पण घरात गोधड्या माणसांपुरत्याच. हंडे उबेत झोपले आणि माणसं पोटात गुडघे घेऊन कुडकुडली. पहाटे पाणी निघालं कोमट, तेही जेमतेम. महादू मोरीतून ओरडला, "काकू, हंड्याची दिवाळी झाली, आमची कवा?" गया उटण्याची वाटी घेऊन दारात उभी होती. खोकत नव्हती, हसत होती. आम्ही सगळे शिंकत होतो.

उन्हाळ्याचा तमाशा वेगळा. भोवतीची रानं नांगरून उघडी पडली की दुपारी वावटळ उठते आणि निम्मं शिवार घरात येतं. गया खिडक्यांना ओली लुगडी बांधायची. लुगडी कमी पडली की माझी धोतरं. मी पंचा गुंडाळून बसायचो आणि त्याच दिवशी हटकून पाहुणे यायचे.

पावसाळ्यात हवा धुऊन निघते. तेव्हा तिला दम लागायचा नाही, म्हणून आमची वर्षाची सगळी भांडणं पावसाळ्यात व्हायची. एका दमात माझ्या तीन पिढ्या काढायची. थंडी पडली की गप्प. चार शब्द बोलायचे तर आधी श्वास गोळा करायची. मला ते गप्प बसणं सोसायचं नाही. मी मुद्दाम म्हणायचो, आमटी खारट झालीय. "मग पाणी प्या" असं उत्तर आलं की माझा दिवस बरा जायचा. एकदा तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. तसाच उठलो आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

गया गेली त्या दिवशी तिला स्मशानात नेलं ते दिवस मावळायच्या आत. आल्यावर गार पाण्यानं न्हालो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच आक्का उठली. घर पाहुण्यांनी भरलेलं. म्हणाली, "बापू, अंगात कणकण हाय तुझ्या. बंब पेटवते म्या."

"ऊन उतरू दे."

"आता कुणासाठी रं?"

मोरीत गेलो, कडी लावली. टाकीतलं पाणी बर्फासारखं. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि गयाला मोठ्यानं शिवी दिली. दुसरा घेतला, दुसरी दिली. आक्का दार बडवत होती, "अरं, गेलेल्या माणसाला शिव्या देतोस व्हय?" दिल्या. बादली संपेपर्यंत दिल्या.