कडब्यातली झोप

मी सहा महिन्यांची होते आणि रात्री झोपत नव्हते. दुसऱ्या कुठल्या साली त्याचं कौतुक झालं असतं. पण तो अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा होता, आमचं गाव येरमाळ्याजवळ, निजामाच्या मुलखात, आणि रझाकारांच्या भीतीनं माणसं मोठ्यानं खोकतसुद्धा नव्हती. माझे वडील शांतलिंग चळवळीत होते. अटक होणार असं कळल्यावर ते हद्दीपलीकडं, बार्शीकडं निघून गेले. मागं राहिलो आम्ही तिघी: माझी आई शरणम्मा, आज्जी नागम्मा आणि मी.

आईला मी अव्वा म्हणते. अव्वा शूरबिर नव्हती. विंचवाला भ्यायची, पोलीस पाटलाला भ्यायची, सासूला तर फारच भ्यायची. ‘मुलीला घेऊन निघून या’ असा वडिलांचा निरोप आला, तेव्हा ती चुलीपुढं मटकन बसली.

नेणार होता कोंडीराम. तो बैलगाडीत कडबा भरून पलीकडं विकायला न्यायचा. पेंढ्यांच्या मधे पोकळी ठेवायची आणि त्यात आम्ही बसायचं, असं ठरलं. अडचण हद्दीवरच्या नाक्याची होती. उजेडात पहारेकरी पेंढ्या उचकून बघत, अंधार पडला की गाडीच सोडत नसत. दिवेलागणीला त्यांना चहापाण्याची घाई असे, तेवढीच वेळ साधायची होती.

“वैनी, तुमी गप बसाल, म्हातारीबी बसंल,” कोंडीराम म्हणाला. “ह्या बयेचं काय? दिवेलागणीला तर हिचा दिवस उजाडतो.”

खरंच होतं ते. मी दुपारभर झोळीत झोपायचे आणि गाव निजलं की किंचाळायचे.

आज्जीकडं उपाय तयार होता. बाळागोळी, म्हणजे अफूची मोहरीएवढी गोळी. घरोघर देत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. अव्वाला वाटायचं, कारण माझ्या आधीचा तिचा मुलगा ती गोळी घेऊन झोपला तो उठलाच नाही. त्याला ताप होता, असं आज्जी म्हणायची. अव्वा त्यावर कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

“आत्याबाई, हिला गोळी द्यायची न्हाई.”

“मग झोपंल कशी?”

“म्या झोपवते.”

कोंडीराम अमावास्येपर्यंत थांबायला कबूल झाला.

अव्वानं आधी झोळी सोडून ठेवली, कारण गाडीत झोळी कुठली बांधणार? पहाटे दळायला बसली की ती मला उठवून मांडीवर घ्यायची. दुपारी माझा डोळा लागला की थोड्या वेळानं तोंडावरून ओला हात फिरवायची. मी रडून घर डोक्यावर घ्यायचे आणि आज्जी, “लेकराचे हाल करतीस,” म्हणून तोंड फिरवायची. ऊन उतरलं की अव्वा तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, पोटभर पाजायची, दार लावून घ्यायची. कोपऱ्यात तिनं कडबा पसरला होता. त्यावर मला छातीशी घेऊन पडायची आणि नुसतं थोपटायची. गाणं नाही, कारण नाक्यावर गाणं म्हणता येणार नव्हतं. हळूहळू कडबा सळसळला की माझे डोळे मिटायला लागले. तरी एखाद्या संध्याकाळी मी दगा द्यायचे.

निघायच्या दिवशी ती गाठोडं बांधत होती आणि मी आज्जीच्या मांडीवर होते. वळून बघते तर मी झोपलेली. न थोपटता, ऊन पुरतं उतरायच्या आधीच.

“आत्याबाई, काही दिलं का हिला?”

“चल, गाडी उभी हाय,” आज्जी म्हणाली.

पेंढ्यांच्या आत मिट्ट काळोख होता. अव्वानं माझ्या नाकाशी बोट धरलं. फटींतून वारा येत होता, त्यामुळं श्वास कुठला आणि वारा कुठला, तिला कळेना. चिमटा काढला असता तर कळलं असतं. तेवढ्यात गाडी थांबली.

“गाडी में क्या है रे?”

“कडबा हाय, साहेब.”

वरच्या पेंढीत कुणीतरी काठी खुपसली. मी रडेन, ही भीती अव्वाला होतीच. पण मी आता कधीच रडणार नाही, ही त्याहून मोठी होती. ती बसून राहिली.

गाडी हलली. ओढा ओलांडल्यावर कोंडीराम म्हणाला, “आलो पल्याड.” अव्वानं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी हलले नाही. तिनं पुन्हा काढला, नखं रुतेपर्यंत, आणि मी असं भोकाड पसरलं की बैल बिचकले. अव्वा हुंदके देत मला पाजायला लागली.

कोंडीरामनं वरच्या पेंढ्या बाजूला केल्या, तेव्हा उरल्यासुरल्या उजेडात आज्जीनं मूठ उघडून दाखवली. गोळी घामानं विरघळून तळहाताला चिकटली होती.

“दिली न्हाई गं. पर नाक्यावर जागी झाली असती तर दिली असती.”

अव्वाच्याही एका मुठीत पदराचा बोळा होता, माझ्या तोंडात कोंबायला धरलेला. बोटं इतकी आखडली होती की तिला ती उघडता येईनात. आज्जीनंच ती एकेक करून सोडवली.