चपलांशेजारचं वाडगं

अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्या टाउनहाउसच्या शेजारी एक इंग्रज बाई राहायच्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास. नवरा अमेरिकन होता, तो वारलेला. मुलगा अ‍ॅरिझोनात, चँडलरला. आम्ही घरात त्यांना 'विलायतेच्या आजी' म्हणायचो. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरी करायची परवानगी नव्हती, आणि मला दिवस गेले होते. नवरा सकाळी ट्रेनने न्यूयॉर्कला गेला की दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. त्या बाईंनीच एकदा दार ठोठावलं आणि म्हणाल्या, "चहाला ये. एकटीने पिऊन पिऊन मला कंटाळा आलाय."

त्यांच्या जेवणाच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं आणि त्यात चिनी मातीच्या वस्तू. फुलदाण्या, बशा, पक्षी, झाकणाच्या डब्या. सगळ्यांच्या तळाशी एकच शिक्का. तो त्यांच्या माहेरच्या कारखान्याचा. पणजोबांनी इंग्लंडातल्या कुंभारांच्या एका गावात लोणच्याच्या आणि लोण्याच्या बरण्या करायला सुरुवात केली. आजोबांना बरण्यांची लाज वाटायची, म्हणून त्यांनी शोभेची भांडी काढली. बायका ओळीने खिडक्यांपाशी बसून गुलाब रंगवायच्या. सोन्याची कड भट्टीत जाण्याआधी गुळाच्या पाकासारखी तपकिरी दिसायची. भट्ट्या बाटलीच्या आकाराच्या, विटांच्या. पेटवल्या की दुपारीसुद्धा समोरचं घर दिसत नसे, आणि बाहेर वाळत घातलेले कपडे आत आणायला धावपळ. पुढे भावाने कारखाना एका मोठ्या कंपनीला विकला, पण शिक्का तोच राहिला. हे सगळं त्या इतकं रंगवून सांगायच्या की मी चहा गार करून बसायचे.

एकदा त्यांनी रिकामा कप उजेडात धरला. "बघ, पलीकडून माझं बोट दिसतंय. ही खरी बोन चायना."

बोन चायना हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. नागपूरला लग्नाच्या आहेरात आलेला डिनर सेट, मामांच्या शोकेसमधला टी-सेट. पण त्यातल्या 'बोन'चा अर्थ काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. हस्तिदंती रंगाला तसं म्हणत असतील, एवढीच माझी समजूत.

माझ्या बाळंतपणासाठी आई आली. आई नागपूरला मराठी शाळेत शिक्षिका होती, नुकतीच रिटायर झालेली. घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. पण तिचा सोवळ्याओवळ्याचा बाऊ नसे. आपलं आपण पाळावं, दुसऱ्याला त्रास देऊ नये, असा तिचा बाणा. शेजारच्या आजींकडे ती दोनदा माझ्याबरोबर चहाला आली. इंग्रजी तिला वाचता उत्तम यायचं, पण आजींचे उच्चार कळत नसत, म्हणून ती नुसती हसून मान हलवायची. आजींना ती फार आवडली.

मुलीचं बारसं आम्ही जूनमधल्या एका शनिवारी केलं. ओळखीची सात-आठ मराठी कुटुंबं, प्रत्येकाने घरून एकेक ट्रे आणलेला. पार्किंग मागच्या बाजूला, म्हणून सगळे मागच्या लाकडी डेकवरूनच आत आले आणि डेकच्या सरकत्या दारापाशी चपला-बुटांचा ढीग झाला. पाळणा मिळाला नव्हता. बाळाच्या जाळीच्या प्लेपेनलाच कापडी झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. आजी निळा ड्रेस घालून, मोत्यांची माळ घालून आल्या. हातात मोठ्ठा खोका.

नाव ठेवून झालं, कुर्रर्र झालं, घुगऱ्या वाटल्या. मग आजींनी खोका माझ्या हातात दिला. आत एक छोटं वाडगं होतं. पांढरंशुभ्र, कडेला सोन्याची रेघ, पोटावर रॉबिन पक्षी. त्यांच्या आजोबांच्या काळातलं, त्यांनी स्वतः लहानपणी त्यातून खाल्लेलं.

"हिचं पहिलं जेवण यातून होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि सगळे बघतायत म्हटल्यावर उभ्या राहून कारखान्याची गोष्ट सांगायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, मराठीत सांग ना, तुझ्या आईला कळू दे." मी सांगू लागले. त्या एक वाक्य बोलायच्या, मी एक. पणजोबा, बरण्या, आजोबा, गुलाब. मला गंमत वाटत होती. मग त्या म्हणाल्या की हा पांढरेपणा मातीचा नव्हे. बैलांची हाडं जाळून त्यांची राख करतात, ती बारीक दळून मातीत मिसळतात. जवळजवळ अर्धी राखच असते. म्हणून एवढं पातळ असूनही फुटत नाही.

"म्हणजे... ते काहीतरी जाळून..." असं मी म्हणत होते, तेवढ्यात आईने विचारलं, "बोन म्हणजे हाड ना गं?"

ती वर्गात विचारावं तशी स्पष्ट बोलली. एक काका हसले आणि म्हणाले, "वहिनी, बोन चायनात बोन नसेल तर काय असेल?" दोघीतिघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. आजीसुद्धा हसल्या, सगळ्यांना आवडलं असं वाटून. आईने माझ्या हातातलं वाडगं पदराच्या टोकात धरून घेतलं, डेकचं दार सरकवलं, आणि बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी ते खाली ठेवलं. मग आत येऊन हात धुतले.

दार काचेचं होतं. आजी आता खुर्चीत बसल्या होत्या, तिथून सगळं सरळ दिसत होतं. कुणाच्या तरी स्नीकरला टेकून रॉबिन पक्षी उन्हात.

मला आईची लाज वाटली. इतक्या लोकांसमोर हे करायची काय गरज होती, असं वाटून माझे कान गरम झाले. मी आजींजवळ जाऊन म्हणाले, "पोरं पळतायत ना, फुटू नये म्हणून आईने सेफ जागी ठेवलं."

"हो, हो. शहाणी आहे तुझी आई," त्या म्हणाल्या. बुंदीचा अर्धा लाडू ताटलीत ठेवून थोड्या वेळाने त्या उठल्या. जाताना डेकवर वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, त्यांनी वाडगं उचललं आणि बरोबर घेऊन गेल्या. त्यांना दार उघडून द्यायलाही मी पुढे झाले नाही. नवरा पुढे झाला.

पाहुणे गेल्यावर मी आईवर चिडले. "त्या म्हाताऱ्या बाईने प्रेमाने दिलं होतं!"

आई ट्रे पुसत होती. "मी दोनदा चहा प्यायले तिच्याकडे," एवढंच ती म्हणाली. नंतर अंघोळीला गेली. बाथरूममधून पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला, आणि मग मला माझ्या चिडण्याचीही लाज वाटू लागली. कुठल्या बाजूला तोंड करून उभं राहावं, तेच कळेना.

दोन दिवसांनी बाळाला घेऊन मी आजींकडे गेले. सॉरी म्हणायचं घोकत गेले होते, पण त्यांनी मला बसूच दिलं नाही. उभ्यानेच म्हणाल्या, "तू त्या दिवशी मला खोटं सांगितलंस, आणि चांगल्या मनाने सांगितलंस. आता माझं ऐक."

त्या लहान असताना मुंबईचा एक व्यापारी त्यांच्या आजोबांकडे यायचा. पांढरी टोपी, लांब कोट. मुंबईतल्या मोठ्या घरांसाठी तो टी-सेट न्यायचा. एकदा त्याने विचारलं, "यात हाडं असतात असं कुणीतरी म्हणालं. आमचे लोक मांस खात नाहीत. खरं काय ते सांगा." आजोबा म्हणाले, "छे, निव्वळ माती. तुमच्यासाठी वेगळी भट्टी लावतो." आणि नेहमीचाच माल खोक्यांत भरून पाठवला. रात्री जेवताना त्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले.

"मीही हसले," आजी म्हणाल्या. "दरवर्षी ख्रिसमसला ती नक्कल व्हायची. परवा तुझी आई बाहेर गेली ना, तेव्हा मला कळलं की ती गोष्ट विनोदी नव्हती."

बाळ रडायला लागलं, त्याचं निमित्त करून घरी आले.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती त्या लोकांना काहीतरी बोलेल. तिने बाळाच्या पायांना तेल चोळून घेतलं. मग म्हणाली, "त्या व्यापाऱ्याचं जाऊ दे. दारी आलेल्या बाईची वस्तू मी चपलांपाशी ठेवली. टेबलावर ठेवली असती, नंतर नीट परत केली असती. शाळेत पोरांना काय शिकवलं मी जन्मभर?"

ती तशीच उठली, हात पुसले आणि शेजारी गेली. मी बाळाला घेऊन मागे. आजींनी दार उघडल्यावर आई म्हणाली, "सॉरी. शूज. नॉट गुड." आणि स्वतःच्या कानांना हात लावले. आजी म्हणाल्या, "नो, नो. द बोन्स. आय अ‍ॅम सॉरी." दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना सॉरी म्हणत होत्या आणि दोघींचे डोळे ओले होते. माझ्या भाषांतराची कुणालाच गरज नव्हती. त्यानंतर आई परत जाईपर्यंत आजी आमच्याकडे चहाला येत, स्टीलच्या पेल्यातून, बोटं भाजत पीत.

चारेक वर्षांनी, थंडीत, एका सकाळी आजी कोट न घालता आमच्या दारात आल्या. कारखाना बंद झाला होता. भावाच्या मुलाचा फोन आला होता. जागेवर फ्लॅट होणार होते. मी त्यांना बसवलं, शाल दिली. तेव्हा त्या म्हणाल्या की गेली कित्येक वर्षं तिथे काही बनतच नव्हतं. पांढऱ्या बशा दुसऱ्या देशांतून यायच्या, आणि तिथे फक्त चित्रं चिकटवून शिक्का मारायचे. "मला माहीत होतं. तरी लोकांना भेटी देताना मी शिक्का दाखवून सांगायचे, हे आमचं."

त्या रविवारी आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "अरेरे. आणि तिथे काम करणारी माणसं? त्यांचं काय झालं?"

मुलीला घेऊन मी आजींकडे गेले आणि विचारलं. "मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्यासमोरच भाच्याला फोन लावला. बराच वेळ ऐकत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या बायका होत्या. पुढे कोण कुठे गेलं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

खिडक्यांपाशी गुलाब रंगवणाऱ्या त्या बायकांपैकी एकीचंही नाव मीही कधी विचारलं नव्हतं. माझी मुलगी शेजारी जमिनीवर चित्र काढत होती. "मम्मा, आय अ‍ॅम हंग्री," ती म्हणाली, आणि मी उठले.