डायरीतले तीन आठवडे

नगरच्या आयटीआयमध्ये मला नोकरी मिळाली ती इंग्रजीमुळे. टर्नरचं, म्हणजे लेथ मशीनवरचं काम शिकणारे विद्यार्थी शेवटचे काही महिने नागापूरच्या एका कारखान्यात काढत. रोजचं काम डायरीत लिहायचं, शनिवारी माझ्याकडे द्यायचं आणि मी ते इंग्रजीत उतरवायचं, कारण कारखान्याचे साहेब तेवढंच वाचत. मला हे काम सोयीचं होतं. कोणाशी बोलावं लागत नसे. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीला लोक हसतात, अशी माझी समजूत होती.

त्यातला एक घोडेगावकडचा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, लग्न झालेला. त्याच्या डायरीत असे, ‘लेथखालचा लोखंडाचा कीस झाडला. मिस्त्रींचा चहा आणला. मशीनला हात लावू दिला नाही.’ तीन आठवडे हेच. असं साहेबांसमोर गेलं तर आपल्या संस्थेची शोभा होईल, असं मला वाटलं. मी लिहिलं, ‘लेथवर सराव केला.’ रोज शब्द थोडे बदलले. माझी वाक्यं मलाच आवडली होती. खाली त्यानं विश्वासानं सह्या केल्या.

महिनाअखेरीला साहेबांनी डायऱ्या पाहिल्या. मी आणि प्राचार्य समोर बसलो होतो, मिस्त्री साहेबांच्या शेजारी, तो दाराशी उभा. एक लेथ मोकळा झाला होता. त्यावर ज्याचा हात बसेल त्यालाच पुढे कारखाना ठेवून घेणार होता.

“तुझे तीन आठवडे झालेत लेथवर,” साहेब म्हणाले. “आता दुसऱ्याला येऊ दे. तू पॅकिंगला जा.”

“साहेब, म्या अजून मशीनला हात न्हाई लावला.”

“मग हे भुतानं लिहिलं? सही तुझीच आहे ना?”

“झाडता झाडता शिकला आसंल,” मिस्त्री हसत म्हणाला.

दाराशी उभ्या त्या विद्यार्थ्यानं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. इंग्रजीतही चाललं असतं. मी डायऱ्यांचा गठ्ठा सरळ करत राहिले. प्राचार्यांनी दुसराच विषय काढला.

फाटकाबाहेर तो जवळ आला. “तुमी चांगल्यासाठीच लिवलं आसंल, बाई,” म्हणाला. मी नुसती मान हलवली. माफीसुद्धा मागितली नाही. सोमवारी जाऊन साहेबांना सांगू, असं ठरवलं. सोमवारी गेले नाही. लेथवर तोवर दुसरा उभा राहिला होता.

पुढच्या शनिवारी त्यानं डायरी आणली. ‘दिवसभर खोकी बांधली’, सहाही दिवस. मी जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं आणि डायरी सहीसाठी पुढे केली. त्यानं पेन उचललं नाही.

“आदी वाचून दावा, बाई. मराठीत.”

मी अडखळत एकेक ओळ त्याला मराठीत सांगितली. सहावी ओळ संपेपर्यंत तो ऐकत उभा राहिला. मग त्यानं सही केली.