वॉटर हीटरवरचा गहू

मटकीला मोड आल्याचा ओलसर वास आला की मला ऐंशीच्या दशकातलं शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं आमचं पहिलं घर आठवतं. नदीकाठी शेती कशी सुरू झाली, याचा देखावा लेकीला शुक्रवारी शाळेत न्यायचा होता. पुठ्ठ्याची नदी तयार होती, पण बाहेर बर्फ आणि खिडकीतल्या गार मातीत गहू काही उगवेना. पोर रडकुंडीला आली. मी मातीत थर्मामीटर खुपसून रोज तापमान सांगत होतो. पुण्याहून आलेल्या सासूबाई शेवटी वैतागल्या, “अहो, आकड्यांनी का मोड येतात?” मग त्यांनी नवे गहू भिजवले, जुन्या पातळाच्या फडक्यात बांधले आणि मटकीसारखेच बेसमेंटमधल्या वॉटर हीटरवर ठेवले. गुरुवारी लेक ओरडतच वर आली, मोड आले होते! ते पुठ्ठ्याच्या नदीकाठी रोवताना तिने विचारलं, “आजी, म्हणून फर्स्ट फार्मर्स शिकागोला आले नाहीत?” सासूबाई म्हणाल्या, “आले असते गं, पण त्यांच्याकडे हीटर कुठे होता?” आता लेक बॉस्टनला असते. परवा तिचा फोन आला, “बाबा, मटकीला मोडच येत नाहीत.” मी तापमान विचारलं नाही. “हीटरवर ठेव,” म्हणालो, आणि दोघंही हसलो.