हळदीच्या गोडाउनातली दोन दरवाजांची गाडी

माझ्या दोस्ताला पुण्याच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली आणि मला लागली नाही, ही गोष्ट मी त्याला कधीच माफ केली नाही. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. पत्रा ठोकण्यात माझा हात त्याच्यापेक्षा बरा, हे सरही सांगायचे. फॉर्म दोघांनी एकाच दिवशी भरले, कॉल त्याला आला. यात त्याचा दोष काय? काहीच नाही. पण जळणारा माणूस दोष बघून थोडाच जळतो! तो पुण्याला गेला आणि मी आमचं सेनगाव सोडून वसमतला डेंटिंग-पेंटिंगचं दुकान टाकलं. दिवाळीला तो यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या मोडक्या स्टुलावर बसायचा आणि मी हातातला पॉलिश पेपर जरा जास्तच जोरात घासायचो.

दोन हजार तीन-चारचा उन्हाळा असेल. तो आला आणि म्हणाला, इथल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे जुनी स्पोर्ट्स कार पडून आहे, शेठ विकायला तयार आहे, तेवढा गंज बघून दे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अशा गाड्यांचं वेड मुळात माझं. त्याला आयटीआयत असताना कार काय आणि ट्रॅक्टर काय, सारखंच होतं. आणि आता घेणार कोण, तर तो; तिच्याखाली सरपटणार कोण, तर मी. तरी गेलो. गाडी बघायचा मोह मला आवरला नाही.

गोडाउनच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आड ती उभी होती. बुटकी, दोन दरवाजांची, लांब नाकाची. शेठच्या थोरल्या भावानं हैदराबादहून आणलेली. तो वारल्यावर कुणी तिला हात लावला नव्हता. मूळची पांढरी, पण हळदीच्या धुळीनं लग्नाच्या नवरीसारखी पिवळी झालेली. शेठ बाहेर काट्यावर माल मोजून घ्यायला गेला आणि मी कामाला लागलो.

जुन्या स्पीकरचं चुंबक मी फडक्यात गुंडाळून ठेवायचो. गंजाचं भोक पुट्टीनं बुजवून वर रंग मारलेला असला, की तिथं चुंबक धरत नाही. चाकांवरच्या कमानी, दरवाजांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, सगळीकडे फिरवलं. कुठेच सुटलं नाही. पोतं अंथरून खाली शिरलो, बॅटरी मारली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं. गंजका पत्रा बद्द वाजतो. हा खणखणीत वाजला. आतली मॅट उचलली, खालचा पत्रा कोरडा ठणठणीत. वीस-पंचवीस वर्षांची गाडी आणि गंज नावालाही नाही! एखादं भोक सापडावं म्हणून मी किती जीव तोडून शोधत होतो, हे आज सांगायला लाज वाटते.

सांधे पुसायला मी धुण्याच्या सोड्याचं पाणी बादलीत नेलं होतं. मी पुन्हा गाडीखाली शिरलो होतो, तेवढ्यात दोस्तानं त्यात फडकं पिळून दरवाजाच्या फटीतून फिरवलं. मी बाहेर आलो तेव्हा तो ते फडकं हातात धरून उभा होता. फडकं लालसर तपकिरी झालं होतं.

हळदीला सोडा लागला की ती लाल होते. वसमतमध्ये गाड्या धुणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. नवखा असताना मीही फसलो होतो. एका हळदवाल्याच्या टेम्पोचा चांगला रंग गंज समजून खरवडला होता आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. पण हा सोयाबीन-तुरीच्या गावचा, त्यात वर्षानुवर्षं कारखान्यातला कोरा पत्रा बघणारा. त्याला कुठून कळणार?

"जंग हाय का रे हे?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "आतून खाऊन राहिला. नको घेऊ."

त्यानं फडकं हळूच बादलीत टाकलं. पुन्हा विचारलं नाही, वाकून पाहिलंही नाही. मी म्हणालो म्हणजे झालं. शेठला त्यानं घरची अडचण सांगितली, गाडीला नावं ठेवली नाहीत. त्याचा हा चांगुलपणाही मला टोचायचा.

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. त्याच्या हातून एक तरी गोष्ट सुटली, आणि ती माझ्यामुळे.

"बरं झालं तू व्हतास," तो म्हणाला. "न्हाई तर तुझ्याच गळ्यात मारली असती. पुण्यात कुठं ठेवू मी तिला? तुझ्या दुकानात ठेवणार व्हतो. तूच चालवायची व्हती. मी आलो की एक चक्कर मारली असती, बस."

मी बशीत चहा ओतला. गोडाउनचं फाटक समोर होतं, अजून उघडं. शेठ काट्याजवळच उभा होता. खरं सांगून परत जायला दोन मिनिटं लागली असती. पण मग खोटं काहून बोललास, असं त्यानं विचारलं असतं. मी त्याला म्हणालो, दुसरी एखादी बघू. तो व्हय म्हणाला आणि माझ्याही चहाचे पैसे त्यानंच दिले.