किशोरच्या गाडीची मागची चाकं

किशोरची पिवळी गाडी पयल्यांदा बघितली तवा मला वाटलं, पोराला कुनीतरी फसवलं. आता हसू येतंय, पन तवा लई कळवळून वाटलं व्हतं. दोन दारांची, भुईला पोट लागंल अशी बुटकी गाडी. पुढची चाकं लहान आन् मागची ही मोठी! मान गावात त्याच्या अंगनात, भाडेकरू पोरी जिन्यात उभ्या असताना मी मोठ्यांदा म्हनलं, "किशोर, भंगारवाल्यानं दोन गाड्यांची चाकं एकीला लावली का रं?"

किशोर म्हंजी माझ्या भावाचा पोरगा. चाळिशी आली, पन लाजला की कान अजून लाल व्हत्यात. ल्हानपनी पाव्हणं आलं की धान्याच्या कनगीच्या मागं जाऊन बसायचा. आता जमिनीवर खोल्या बांधल्यात, मालक हाय, तरी भाडेकरूचा नळ दुरुस्त करायला गेला की दोन पायऱ्या खालीच उभा ऱ्हातो. आयतं मिळालेलं खातोय, असं लोक म्हनत्यात, ते त्याच्या मनात बसलंय. ही जुनी गाडी हौसेनं घेतली खरी, पन फिरवायचा कवा? सकाळी, गाव उठायच्या आत!

"मुद्दाम लावल्यात, आत्या," तो पुटपुटला. "हिला मागची चाकं ढकलत्यात. म्हनून मागं रुंद आन् मोठी. रस्ता धरून ऱ्हाती."

"पुढं एका मापाची न् मागं दुसऱ्याच मापाची चाकं, असं वाहन मी जल्मात बघितलं न्हाई."

"असत्यात की."

"दाव मला एक तरी."

तो वाकून चाक पुसाया लागला. पोरी फिदीफिदी हसल्या. मी जिंकले.

मग आलं सायलीचं लगीन. सायली त्याच्या बहिनीची, उषाची लेक, मारुंजीची. ती हट्टालाच पेटली, "मी कार्यालयात मामाच्याच गाडीतनं जानार." किशोरला काय झालं म्हनून सांगू! चार दिस गाडी पुसत व्हता. सगळ्या सोयऱ्यांपुढं भाचीला मानानं उतरवायची आन् मामा म्हनून तिच्या मागं उभं ऱ्हायचं, येवढंच त्याला पायजे व्हतं.

त्या दिवशी सायली पुढं बसली. मागं नावालाच सीट, तितं करवली दिशा आन् मी. डिकीत लाडवांचे डबे. आन् होमापुढं नवरी पाय ठेवती तो पाटा टेम्पोत द्यायचा ऱ्हायला व्हता, तो बी मीच डिकीत ठेवायला लावला. चांगला दगडी, आमच्या सासूच्या हातचा.

किशोर वाकला. मागच्या चाकाच्या वर, पत्र्याच्या फटीत बोट घालून बघाया लागला. बोट शिरंना.

"आत्या, पाटा ऱ्हाऊ द्यायचा का?"

"आन् नवरी पाय कशावर ठेवंल, तुझ्या डोक्यावर?"

त्यानं एकदा पाट्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, वरपासनं खालपर्यंत. कान लालभडक. काय तरी म्हनायला तोंड उघडलं, मिटलं, आन् गाडी चालू केली.

घोटावड्याच्या रस्त्याला लागलो. पयल्या गतिरोधकाला खर्र वाजलं. दुसऱ्याला अजून मोठं. मग जळक्या रबराचा वास, आन् मग फाट! मोठं चाक पत्र्याला घासून घासून कापलं.

सायली शालू धरून रस्त्याच्या कडंला. कंपन्यांच्या बस थांबून थांबून बघत्यात, लोकं मोबाइल काढत्यात. मी म्हनलं, "आरं, पुढचं एक काढून मागं लाव की!"

"ते लहान हाय, आत्या. एका अंगाला मोठं न् एका अंगाला लहान, गाडी चालायची न्हाई."

"मंग स्टेपनी?"

"हिला स्टेपनीच न्हाई," असं तो इतक्या हळू म्हनला, की मला तोंडाकडं बघूनच कळलं.

मी आमच्या ह्यांना फोन लावला. घोटावड्यातनं हे ट्रॅक्टर घेऊन आले, ट्रॉलीत सतरंजी टाकून. नवरी निघाली ट्रॉलीत! मांडीवर पाटा घेऊन किशोर कोपऱ्यात, मान खाली. कार्यालयाच्या दारात नवऱ्याकडचा एक शहाना ओरडलाच, "मामांची स्पोर्ट्स गाडी लई लांब हाय की, ट्रॉलीसकट!" सगळे हसले. किशोरनं पाटा खाली ठेवला आन् गायब.

मंगलाष्टकांची वेळ झाली, मामा न्हाई. शोधत गेले तर आचाऱ्याच्या पातेल्यांमागं बसलेला. ल्हानपनीसारखा.

"मी न्हाई येत, आत्या. पोरीची शोभा केली मी."

"मंग निघताना बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? आत्या, तू उतर म्हनू?" नजर भुईवर. "मी एकट्यानं बसून बघितलं व्हतं, तवा घासत नव्हतं."

खरं सांगते, माझं तोंड येवढंसं झालं. इतक्या लोकांचं हसू त्यानं अंगावर घेतलं, पन आत्या जड म्हनून न्हाई सांगितलं कुनाला.

तेवढ्यात दिशा पळत आली. "सायली अंतरपाट धरू देत न्हाई. मामा आल्याबिगर न्हाई म्हनती."

मग उठला. फेट्याला काजळी, बोटं काळी, तसाच जाऊन भाचीच्या मागं उभा ऱ्हायला. सायलीनं मान वळवून बघितलं आन् हसली. त्याचे कान लाल झाले, पन मान या वेळी खाली गेली न्हाई.

जेवनाच्या पंगतीत मला काय गप बसवंना. गोंजारायची माझी रीतच तशी हाय. म्हनलं, "काय बी म्हन किशोर, चारी चाकं सारखी असती तर ही येळ आली नसती. पुढं एका मापाची न् मागं दुसऱ्याच मापाची, असं वाहन असतं का कुटं?"

त्यानं भाताचा घास खाली ठेवला.

"दाव म्हनली व्हतीस न्हवं?"

"व्हय, म्हनले व्हते."

त्यानं खिडकीतनं भायेर बोट केलं. तितं आमचा ट्रॅक्टर उभा. पुढची चाकं माझ्या गुडघ्यायेवढी, मागची माझ्या खांद्याला लागत्यात.

"तुझ्याच दारात उभा असतोय, आत्या. त्याच्याच ट्रॉलीत बसून आलीस आज."

आमचे हे शेजारी बसून खो खो हसले. मी अख्खी जिलबी तोंडात कोंबली. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत न्हाई.